डग्गा कुठे गेला?

मंडळी, गेल्या वर्षी मदतनिधीच्या कार्यक्रमात मध्यंतराला एका काकांनी आम्हाला गाठलं. "अरे, तबला ऐकू येतोय, पण डग्गा कुठे गेला?" ध्वनिव्यवस्था आमच्याकडे, म्हणजे दोन सॉफ्टवेअरवाल्यांकडे! आम्ही बेसचं बटण फिरवत बसलो. फरक शून्य. मधल्या रांगांतली बरीच मंडळी निधीचं आवाहन होण्याआधीच घरी गेली. ते आम्हाला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे स्पीकर गराजमध्ये मांडून 'पिंक नॉईज' लावला. धबधब्यासारखा सलग 'श्श' आवाज. ऐकायला कंटाळवाणा, पण माणसाला ऐकू येणाऱ्या २० ते २०,००० हर्ट्झमधलं सगळं त्यात एकदम असतं. मग व्हाईट नॉईज का नको? तो प्रत्येक हर्ट्झला सारखीच शक्ती देतो. आपला कान मात्र सप्तकांत मोजतो. मध्य सा २४० हर्ट्झवर असेल तर तार सा ४८० वर. आता बघा, २० ते ४० या सप्तकात जेमतेम २० हर्ट्झ, आणि १०,००० ते २०,००० मध्ये चक्क दहा हजार! म्हणून व्हाईट नॉईज कर्कश लागतो आणि बिचाऱ्या ट्वीटरवर ताण येतो. पिंक नॉईजमध्ये दर हर्ट्झमागची शक्ती प्रत्येक सप्तकाला ३ डेसिबलने उतरते, त्यामुळे दहाही सप्तकांना सारखा वाटा मिळतो.

दोन्ही स्पीकरांना एकच मोनो पिंक नॉईज द्यायचा आणि बरोबर मधोमध उभं राहायचं. जोडणी ठीक असेल तर आवाज मधूनच येतो, जणू तिथे तिसरा स्पीकर आहे. आमचा आवाज पोकळ, कानांभोवती पसरलेला, खर्ज गायब. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी! एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघे एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात. वायर बदलली, खर्ज परत.

पण ती उलटी झाली कशी? नवे स्पीकर पिंक नॉईजवर शंभर तास 'रुळवायचे' असतात, असं दुकानदाराने सांगितलं होतं. पडद्याच्या कडेची लवचिक किनार थोडी सैल होते, हे खरं आणि मोजताही येतं. पण बराचसा बदल सुरुवातीच्या थोड्या वेळातच होऊन जातो. पुढे रुळतो तो आपला कान, असं आमचं मत. तरी हौस म्हणून आम्ही ते केलंच. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून स्पीकर तोंडाला तोंड लावून ठेवले, वर जाड रजई टाकली आणि खर्ज मारायला एकाची वायर मुद्दाम उलटी जोडली. आवाज बेताचाच ठेवला, कारण नॉईजला गाण्यासारखी उसंत नसते, ट्वीटरची कॉइल तापून जळू शकते. सगळं अगदी शास्त्रशुद्ध. फक्त नंतर वायर सरळ करायची राहून गेली.

यंदा दारं उघडण्याआधी हॉलमधून 'श्श' ऐकू आलं तर पाईप फुटलेला नाही, आम्हीच आहोत. काकांची खुर्ची मधोमध ठेवली आहे.