मेंडोलिनचे जादूगार सज्जाद हुसेन 🎶

नाशिककर मित्रांनो, ग्रीसच्या बुझुकीसारख्या जोडतारांच्या वाद्यावर प्रेम असेल, तर सज्जाद हुसेन ऐकाच!

१९१७ साली सीतामऊला जन्म, वडिलांकडून सतारीची तालीम आणि पुढे कर्मभूमी मुंबई. मेंडोलिनला चार जोड्यांत आठ तारा. सूर लवकर विरतो, पडद्यांमुळे सुरातून सुरात सरकणारी मींड काढणं अवघड. तरीही त्यांनी त्यावर राग वाजवले!

संगीतकार म्हणून ‘दोस्त’ (१९४४), ‘संगदिल’ (१९५२), ‘रुस्तम सोहराब’ (१९६३). चित्रपट मोजके, पण चाली बिकट आणि अविस्मरणीय. ‘संगदिल’मधल्या गायक तलत महमूद यांच्या गाण्याची छाया संगीतकार मदनमोहन यांच्या ‘आखरी दाव’मध्येही ऐकू येते.

१९९५ साली ते गेले. आज रात्री निवांत ‘रुस्तम सोहराब’ची गाणी लावा. कोणतं आवडलं, जरूर सांगा!