लाल ठिपक्यांवर पिवळा प्रकाश

डोंबिवली-कल्याणला स्टेशनबाहेरच्या पाट्यांवर ‘लेझर’ दिसलं की आठवतात ते नकोसे केस. पण अँजिओमा सर्पिजिनोसम या दुर्मीळ, निरुपद्रवी विकारातही लेझर कामी येतं. बहुधा मुलींच्या पायांवर, विशीच्या आत, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके नागमोडी पसरतात. हा रक्तस्राव नव्हे. हे ठिपके म्हणजे त्वचेतल्या फुगलेल्या केशवाहिन्या. ५९५ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश त्यांतलं हिमोग्लोबिन शोषतं, वाहिनी तापून मिटते आणि भोवतालची त्वचा वाचते. अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी हे तत्त्व १९८३ मध्ये मांडलं.

आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिनही मात्र त्याच प्रकाशात वाटा मागतं! म्हणून ऊर्जा बेताची, सोबत थंडावा. नाहीतर ठिपके जाऊन डाग उरायचे. उन्हानं रापलेल्या पायांवर तर हा उपचार पुढे ढकललेलाच बरा.