खुब्याचे हाड मोडले म्हणून माणूस अंथरुणाला खिळवू नका



बेणे, लागण आणि खतांचे हप्ते यांविषयी आपण या पानावर नेहमीच बोलतो. आजचा विषय घरातल्या वडीलधाऱ्या माणसांचा आहे. येडगाव, खोडद, हिवरे, ओझर या भागात शिवारफेरीला गेले म्हणजे एखाद्या तरी वस्तीवर ऐकायला मिळते, "आईचं खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. पण या वयात कशाला चिरफाड? पडून राहील, होईल बरी." हंगाम चालू असला तर वर आणखी एक वाक्य येते, "एवढी तोड होऊ द्या, मग बघू." ही दोन्ही वाक्ये जिवावर बेतणारी आहेत. ती कशी, आणि ऑपरेशनचे प्रकार कोणते, हे साध्या भाषेत समजून घेऊ.

मोडते ते नेमके काय?

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो. तो कमरेच्या हाडातील वाटीत बसतो. हाच आपला खुबा. गोळ्याच्या खाली हाडाची बारीक मान आणि मानेखाली रुंद भाग असतो. उतारवयात हाडे आतून पोकळ होतात. बायकांत पाळी गेल्यावर हा ऱ्हास जास्त वेगाने होतो. मग झाडावरून पडावे लागत नाही. न्हाणीघरात पाय घसरला, उंबऱ्याला ठेच लागली, ठिबकच्या नळीत पाय अडकला, किंवा रात्री बिबट्याच्या धास्तीने परसातून घाईने परतताना तोल गेला, एवढेही पुरते.

खूण ओळखणे सोपे आहे. पडलेले माणूस उठू शकत नाही, जांघेत कळ मारते, तो पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असते. मात्र काही वेळा हाडाचे तुकडे एकमेकांत रुतून बसतात आणि माणूस लंगडत चालतेही. म्हणून पडल्यानंतर जांघ दुखत असेल तर चालता येत असले तरी फोटो काढून घ्यावा.

पडून राहिले तर काय बिघडते?

पूर्वी पायाला वजन बांधून दीड-दोन महिने निजवून ठेवीत. त्यात हाड कधी जुळे, कधी जुळत नसे; पण तोवर माणूस खचून जाई. सतत निजून पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, लघवीला जंतू धरतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. म्हातारे माणूस बहुधा मोडलेल्या हाडाने दगावत नाही, ते या पडून राहण्याने दगावते. उपचार करूनही हे दुखणे जड आहे. जगभरचा अनुभव असा की खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी चार-पाचांत एक जण वर्षाच्या आत जातो. म्हणून ऑपरेशनचा पहिला हेतू हाड जुळवणे एवढाच नसून माणसाला लवकर उठवून बसवणे हा आहे.

मानेचे हाड मोडले असेल तर

गोळ्याला होणारा रक्तपुरवठा बहुतांशी मानेवरून वर जातो. ठिबकची नळी मध्येच चिमटली तर पुढची रोपे सुकतात, तसे येथे होते. मान मोडून हाड सरकले की गोळ्याचे रक्त तुटते आणि तो मरू शकतो. यावरून तीन मार्ग निघतात.

१) हाड जागचे हलले नसेल तर स्क्रू घालून, बहुधा तीन, ते जागीच पक्के करतात. ऑपरेशन लहान असते. पुढे गोळा मेला किंवा हाड जुळले नाही तर दुसरे ऑपरेशन लागते.

२) हाड सरकले असेल आणि माणूस वयस्क असेल तर गोळा काढून धातूचा बसवतात, वाटी मूळचीच ठेवतात. हा अर्धा सांधा. यातला 'बायपोलर' हा प्रकार पुष्कळांनी ऐकलेला असेल. 'तळवलकर बायपोलर' या मराठी नावाने ओळखला जाणारा कमी खर्चाचा देशी सांधाही आपल्याकडे वापरात आहे.

३) माणूस हिंडते-फिरते असेल, किंवा वाटी आधीच झिजलेली असेल, तर गोळा आणि वाटी दोन्ही बदलतात. हा पूर्ण सांधा. इंग्लंडमध्ये सर जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास ही पद्धत भरवशाची केली.

अर्धा बरा की पूर्ण, असा प्रश्न येतोच. २०१९ साली दहा देशांतील १,४९५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशनची पाळी येण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच निघाले. हालचालीत पूर्ण सांधा किंचित सरस ठरला, इतकेच. तेव्हा महाग तेच चांगले असे धरून चालू नये. आपल्या माणसाची चालफिर, वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर सांगतील ते नीट विचारून घ्यावे.

मानेखालचे हाड मोडले असेल तर

येथे रक्तपुरवठा चांगला असतो, म्हणून गोळा वाचतो आणि बहुधा बदलावा लागत नाही. फक्त तुकडे नीट बसवून धरावे लागतात. मोड साधी असेल तर मोठा स्क्रू आणि बाजूने पट्टी लावतात. तिला 'डी.एच.एस.' म्हणतात. मोडीचे तुकडे जास्त असतील किंवा ती आणखी खाली उतरली असेल तर हाडाच्या पोकळीतून सळई घालतात. ती 'पी.एफ.एन.' सळई. कागदावर ही अक्षरे दिसली तर घाबरू नका, त्यांचा अर्थ एवढाच.

वेळ फार मोलाची

तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात, हे तुम्हाला सांगायला नको. येथेही तसेच आहे. दुसरी काही अडचण नसेल तर ऑपरेशन एक-दोन दिवसांत व्हावे, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. २०२० साली १७ देशांतील २,९७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतातीलही रुग्णालये होती. ऑपरेशन काही तासांतच केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. पण ती माणसे लवकर उभी राहिली आणि त्यांच्यात भ्रम होण्याचे प्रमाण कमी राहिले.

वयाचे म्हणाल, तर ब्रिटनच्या राजमाता १९९८ साली ९७ व्या वर्षी पडल्या, खुबा मोडला, सांधा बदलला. त्यानंतर त्या चार वर्षे जगल्या. शेजारच्या तेलंगणाचे माजी मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या फार्महाऊसवर पडले आणि दुसऱ्याच दिवशी हैदराबादला त्यांचा सांधा बदलला. त्यांची ऐपत मोठी, हे खरे. पण घाई करण्याला ऐपत लागत नाही.

पडल्याबरोबर काय करावे?

पाय ओढू नका, चोळू नका. हाडवैद्याकडे नेऊन दिवस घालवू नका. दोन पायांमध्ये उशी ठेवा, १०८ ला फोन करा. चालू असलेल्या गोळ्या बरोबर घ्या. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा. भूल कमरेत सुई देऊनही देता येते.

खर्चाची धास्ती असतेच. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळते आणि त्यावर कुटुंबातील ज्येष्ठांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. कार्ड आजच काढून ठेवा. रुग्णालय योजनेत आहे का आणि कोणते ऑपरेशन त्यात बसते, हे तेथील आरोग्यमित्राला विचारा.

ऑपरेशननंतर

बहुतेकांना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. दुखते म्हणून "राहू द्या" म्हणणे ही माया नव्हे. सांधा बदलला असेल तर मांडी घालून किंवा उकिडवे बसणे टाळावे लागते; घरात कमोडची सोय करा. डॉक्टरांना हाडांच्या ठिसूळपणावरच्या औषधाचे जरूर विचारा. खुबा मोडलेल्या रुग्णांना वर्षातून एकदा देण्याच्या एका इंजेक्शनाने पुढची हाडमोड सुमारे एक-तृतीयांशाने घटली, असे २००७ च्या मोठ्या अभ्यासात दिसले. एकदा पडलेले माणूस पुन्हा पडते, म्हणून हे महत्त्वाचे.

आणि पडूच नये म्हणून? न्हाणीघरात खडबडीत फरशी आणि भिंतीला दांडी, अंगणात रात्रभर दिवा, पायाला घट्ट चप्पल. मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. त्यासाठी लांब जायला नको. नारायणगावचे मोहन ठुसे नेत्ररुग्णालय जवळच आहे, आणि तेथील डॉ. मनोहर डोळे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, हा आपल्या भागाचा अभिमान.

ज्या हातांनी आपली जमीन बागायत केली, ते हात आज काठी धरतात. तोड चार दिवस पुढे-मागे झाली तर टोळी पुन्हा येईल, स्लिप पुन्हा निघेल. आई-वडिलांच्या बाबतीत हे चार दिवस भरून येत नाहीत. एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी