मान आणि किल्ली

युनियनचा जुना सरचिटणीस निवृत्त होऊन गावी गेला, तरी बँकेच्या कागदांवर त्याची सही पुष्कळदा तशीच राहते. ती काढा म्हटले की, ‘दादांवर अविश्वास दाखवता काय?’ असा सवाल येतो. हा सवाल आम्ही अनेकदा ऐकला आहे. श्रोतेहो, संगणकाच्या जगातही नेमका हाच पेच आहे.

ओपन सोर्स म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, वापरता व सुधारता येते असे सॉफ्टवेअर. आपल्या मोबाईलमध्येही ते असते. परंतु त्यातला बदल पक्का करण्याचा अधिकार थोड्यांनाच असतो. त्यांना मेंटेनर म्हणतात. त्यांतले पुष्कळजण बिनपगारी. नोकरी बदलते, मूल होते, उत्साह ओसरतो. माणूस येईनासा होतो, अधिकार मात्र राहतो.

मग बिघडले कुठे? पायथॉन भाषेच्या सार्वजनिक कोठारात ‘सीटीएक्स’ नावाचे एक छोटे पॅकेज होते. २०१४ नंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. मेंटेनरचा ईमेल पत्ता ज्या डोमेनवर होता, त्याची मुदत संपली. मे २०२२ मध्ये एका तिऱ्हाइताने ते डोमेन आपल्या नावावर घेतले, त्या पत्त्यावर नवा पासवर्ड मागवला आणि तो आयता मालक होऊन बसला! त्याने चढवलेली नवी आवृत्ती वापरणाऱ्यांच्या यंत्रांतली गुपिते बाहेर धाडू लागली. कुलूप फोडावेच लागले नाही. मूळ मेंटेनरचा गुन्हा काहीच नव्हता. तो तिथे नव्हता, इतकेच.

फ्रीबीएसडी प्रकल्पात दीर्घकाळ काम न करणाऱ्याचा अधिकार काढतात, पण तो ‘जपून ठेवला’ असे म्हणतात. हा शब्द आम्हाला फार आवडला. जपून ठेवलेली वस्तू परत मागता येते. डेबियनमध्ये बेपत्ता सभासदांची चौकशी करणारा गटच आहे. अपाचे फाउंडेशनमध्ये कमावलेली योग्यता मुदतबाद होत नाही असे मानतात. योग्यतेपुरते ते खरे. किल्लीचे तसे नाही.

अर्थात एवढ्याने सारे भागत नाही. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या एक्सझेड प्रकरणात दगा देणारा निष्क्रिय नव्हता. दोनएक वर्षे काम करून त्याने एका थकलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवला होता. तेव्हा किल्ल्या गोळा करताना काम करणारे हात किती उरतात, हेही मोजावे लागते.

नियम भांडण नसतानाच लिहून ठेवावा. दोनदा पत्र पाठवावे. उत्तर न आल्यास किल्ली घ्यावी, फलकावरचे नाव राहू द्यावे. आणि संस्थापकच येईनासा झाला असेल, तर पहिले पत्र त्याला जावे. आमच्या अनुभवात घोडे तिथेच अडते.