राखणदाराची लस

गाय दोन दिवस वैरणीला तोंड लावत नाही. जबड्यातून लाळेच्या तारा लोंबतात, हंबरते पण आवाज घोगरा येतो, पाणी पुढे ठेवलं तर तोंड बुडवते आणि गिळता येत नाही म्हणून मान मागे घेते. घरधनी म्हणतो, घशात काहीतरी अडकलंय. आंब्याची कोय असेल, चिंधी असेल. तो बाही वर सारतो आणि हात थेट घशात घालतो. हाताला काहीच लागत नाही, कारण अडकलेलं काही नसतंच. घशाचे स्नायू लुळे पडलेले असतात. महिन्यापूर्वी पिसाळलेलं कुत्रं गोठ्यात शिरलं होतं, हे तोवर घरातले विसरलेले असतात. हाताला नांगराचा, विळ्याचा एखादा ताजा ओरखडा असला, तर गाईच्या लाळेतून रोग माणसाकडे यायला तेवढं पुरे.

हा प्रसंग मराठवाड्यातला वाटेल. तो इथिओपियाच्या पठारावरही तसाच घडतो. गुराढोरांवर उभा असलेला देश म्हणजे काय, ते मराठी शेतकऱ्याला वेगळं समजवायला नको. बारा-तेरा कोटी वस्तीच्या या देशात सहा-सात कोटी गाईबैल आहेत. आफ्रिकेतलं सर्वांत मोठं पशुधन हेच. उंच पठारावर आजही बैलजोडी लाकडी नांगर ओढते. त्या नांगराला तिकडे मारेशा म्हणतात. नांगरल्या शेतात टेफ नावाचं खसखशीएवढं बारीक धान्य पेरतात, खळ्यावर बैलच ते तुडवून मळतात आणि त्याच्या आंबवलेल्या पिठाची आंबोळीसारखी इंजेरा रोजच्या ताटात असते. खाली सखल, कोरड्या मुलखात अफार, सोमाली, बोराना हे पशुपालक गाई, उंट, शेळ्या घेऊन पाण्यामागे फिरतात. दोन्हीकडे घराच्या आणि कळपाच्या राखणीला कुत्रा असतोच, कारण रात्री तरस येतं. दिवसा बांधलेला हा कुत्रा रात्री मोकळा सुटतो. पिसाळरोगाचं, म्हणजे रेबीजचं, तिथलं नावही आपल्यासारखंच साधं आहे. अम्हारिक भाषेत त्याला ‘वेड्या कुत्र्याचा आजार’ म्हणतात.

या देशाची निवड मी आणखी एका कारणासाठी केली. जनावरांच्या साथीने इतकं सोसलेला आणि तीच साथ पुढे मुळासकट उपटून टाकण्यात एवढा वाटा असलेला दुसरा देश शोधावा लागेल.

१८८७ साली लाल समुद्रावरच्या मसावा बंदरात इटालियन सैन्यासाठी गुरं उतरवली गेली. ती हिंदुस्थानातून आली होती असं बहुतेक इतिहासकार मानतात. त्यांच्याबरोबर बुळकांडी उतरली. आपल्या जुन्या माणसांना हा शब्द ऐकताच काटा यायचा: ताप, तोंडात फोड, मग रक्ताची हगवण आणि आठवड्या-दीड आठवड्यात जनावर आडवं. इथिओपियातल्या गुरांनी हा रोग आधी कधी पाहिला नव्हता. दहातली नऊ जनावरं गेली असा अंदाज सांगितला जातो. बैल नाही म्हणजे नांगरट नाही आणि नांगरट नाही म्हणजे पेरणी नाही. त्यात पाऊस हुकला, टोळ आले. १८८८ ते १८९२ हा काळ तिथल्या स्मरणात ‘वाईट दिवस’ म्हणून राहिला, आणि त्यात देशातली एक तृतीयांश माणसं दगावली असं अनेक अभ्यासक लिहितात. सम्राट मेनेलिकने स्वतः कुदळ हातात घेऊन जमीन खणली, लोकांना धीर यावा म्हणून. बुळकांडी मात्र दक्षिणेकडे सरकत राहिली आणि दहाएक वर्षांत आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पोचली.

त्याच देशातून तिचा निकाल लागला त्याची गोष्ट दिल्ली-मुंबईतल्या प्रत्येक आरोग्य अधिकाऱ्याने वाचावी अशी आहे. लस चांगली होती. वॉल्टर प्लोराइट यांनी ती १९६०च्या सुमारास केनियात तयार केली होती. पण ती थंड ठेवावी लागे, आणि इथिओपियाच्या ईशान्येला अफार लोकांचा मुलूख पृथ्वीवरच्या सर्वांत तापलेल्या जागांपैकी एक आहे. रस्ते नव्हते, बर्फ नव्हता, वर टोळ्यांची भांडणं. सरकारी पथकं गाडी जाईल तिथवर जात, आणि बुळकांडी त्यापुढे तग धरून राहिली. मग उष्णतेला टिकणारी लस आली. शीतसाखळीबाहेर महिनाभर चालणारी. पशुवैद्यांनी मन मोठं केलं. कळपातल्याच माणसांना, ज्यांना लिहिता येत नाही पण प्रत्येक गाय नावानिशी ओळखता येते अशांना, सुई धरायला शिकवलं. १९९४ साली अशा वीस जणांनी ७३ हजार गुरं टोचली, आणि दहातल्या आठांपेक्षा जास्त गुरांमध्ये लस लागू पडली. १९९५च्या नोव्हेंबरनंतर अफारमध्ये बुळकांडी दिसली नाही. भारतातही तिची शेवटची नोंद १९९५चीच. २०११ साली जगातून ती गेल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर जगातून उपटलेला हा दुसरा रोग.

आदिस अबाबाच्या आग्नेयेला बिशोफ्तू गाव आहे. १९६४ साली तिथे राष्ट्रीय पशुवैद्यक संस्था उभी राहिली. ती जनावरांच्या लशी बनवते आणि इतर आफ्रिकी देशांनाही पुरवते. पशुवैद्यकीचं महाविद्यालय तिथेच १९७९ साली निघालं. आफ्रिकी संघाचं लशींची प्रत तपासणारं केंद्रही तिथेच आहे. म्हणजे ज्ञान आहे, कारखाना आहे, सुई धरणारे हात आहेत. तरीही या देशात पिसाळरोगाने दरवर्षी अडीच-तीन हजार माणसं मरतात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जगभरात ही संख्या ५९ हजारांच्या घरात धरली जाते. शंभरातल्या नव्व्याण्णवांना रोग कुत्र्याकडून येतो, आणि संशयित जनावराने चावलेल्यांत दर दहांपैकी चार जण पंधरा वर्षांखालची मुलं असतात. मूल बुटकं असतं, म्हणून चावा चेहऱ्यावर, मानेवर बसतो आणि विषाणूला मेंदूपर्यंतची वाट जवळची होते.

मग कुत्रा मागे का राहिला? माझ्या मते उत्तर गोठ्यातच आहे. कुत्रा दूध देत नाही, नांगर ओढत नाही, बाजारात त्याला भाव येत नाही. बैल आजारी पडला तर मालक रात्रीत दवाखाना गाठतो. कुत्र्यासाठी कोण जाईल? पशुसंवर्धन खात्याचं अंदाजपत्रक लाळ-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, काळपुळी यांभोवती फिरतं, कारण तिथे पशुपालकाचं आणि निर्यातीचं नुकसान दिसतं. कुत्र्याच्या चाव्याने माणूस मरतो तेव्हा नोंद आरोग्य खात्याच्या वहीत पडते, तीही तो इस्पितळापर्यंत पोचला तर. खर्च एका खात्याने करायचा आणि वाचलेला जीव दुसऱ्या खात्याने मोजायचा, अशी ही विभागणी. दोघांच्या मधल्या वाटेवर मूल मरतं.

चावा बसल्यावर काय होतं? जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, हा सर्वांत स्वस्त आणि फार महत्त्वाचा उपाय. जिथे पिण्याचं पाणी डोक्यावरून आणावं लागतं तिथे तोही सोपा नाही. त्यानंतर लस, आणि जखम खोल असेल तर जखमेत टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन. आमच्या पिढीला ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ या शब्दांनी धाक घातला जायचा. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी १९११च्या सुमारास तिची रीत बसवली, आणि भारताने ती पार २००५च्या आसपास बंद केली. इथिओपियात तिच्याच जातीची, फर्मी नावाची लस त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू होती. दीड डझनाच्या आसपास सुया घ्यायच्या आणि काहींच्या मज्जासंस्थेवर तिचाच उलटा परिणाम होण्याचा धोका. जागतिक आरोग्य संघटना या लशी सोडा म्हणत होती; नव्या लशीचा खर्च परवडत नव्हता. खेड्यातल्या माणसाला तालुक्याच्या गावी जाऊन राहायचं तर शेळी विकावी लागते. मग तो आधी गावच्या वैदूकडे जातो, किंवा चर्चच्या पवित्र झऱ्यावर, ज्याला तिथे त्सेबेल म्हणतात. त्याला अडाणी म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. जवळ जे आहे तिथे तो जातो. लक्षणं दिसू लागली की औषध कुणाकडेच नाही, वैदूकडे नाही आणि अतिदक्षता विभागातही नाही.

म्हणून खरी लस माणसाला नव्हे, कुत्र्याला द्यायची असते. वस्तीतल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असेल तर रोगाची साखळी तुटते, हे अनेक देशांत तपासून झालं आहे. मेक्सिकोने वर्षानुवर्षं हेच केलं आणि २०१९ साली कुत्र्यांपासून होणाऱ्या मानवी रेबीजच्या निर्मूलनाची पावती मिळवली. आपल्या गोव्याने घरोघर, गल्लोगल्ली जाळ्या घेऊन कुत्री धरली, टोचली, रंग लावून सोडली. जून २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. कुत्री मारणं मात्र लागू पडत नाही. आदिस अबाबात कुचल्यातलं विष, स्ट्रिक्निन, घालून कुत्री मारली गेली. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर १९९७ साली रोग आला तेव्हा बेटावरची जवळपास निम्मी कुत्री मारली, आणि रोग राहिलाच. मारताना लस दिलेला कुत्राही जातो, रिकाम्या जागी लस न दिलेलं पिल्लू येतं, आणि लोक आपला कुत्रा वाचवायला तो दुसऱ्या गावी नेतात. कधी त्याच्याबरोबर विषाणूही जातो.

कुत्र्याच्या लशीवाचून कोण कोण मरतं हे पाहायचं तर बाले पर्वतावर जावं. तीन-चार हजार मीटर उंचीवरचं ते गवताळ पठार, रात्री हाडं गोठवणारी थंडी, आणि जमिनीत बिळं करून राहणारे मोठाले उंदीर. त्यांच्यावर जगणारा इथिओपियन लांडगा तांबूस अंगाचा, लांब पायांचा. अम्हारिकमध्ये त्याला ‘लाल कोल्हा’ म्हणतात. जगात आज पाचशेहून कमी उरलेत आणि त्यातले निम्म्याहून अधिक इथेच. पशुपालक गुरं घेऊन वर येतात, राखणीचे कुत्रे सोबत येतात. १९९१-९२ मध्ये लांडग्यांचे कळपच्या कळप पिसाळरोगाने संपले. क्लाउडिओ सिलेरो-झुबिरी हे संशोधक तेव्हा त्याच लांडग्यांचा अभ्यास करत होते. पुढे १९९५ मध्ये लांडग्यांच्या संवर्धनाचा कार्यक्रम सुरू झाला आणि खेड्यांतल्या कुत्र्यांना लस देणं हे त्यातलं मोठं काम ठरलं. २००३ साली बालेतल्याच वेब खोऱ्यात रोग पुन्हा शिरला आणि तिथले पाऊणएक लांडगे गेले. तेव्हा सरकारच्या परवानगीने दोन खोऱ्यांमधल्या अरुंद वाटेवरचे लांडगे धरून टोचले. सगळे टोचायची गरज पडली नाही. वाट अडली आणि साथ पलीकडे गेली नाही. २००८ आणि २०१४ मध्ये ती परत आली. अखेर शेळीच्या मांसात लपवलेली तोंडावाटे देण्याची लस आली आणि २०१८ पासून ती मोहीम म्हणून सुरू झाली. जगाचं लक्ष त्या लांडग्याकडे गेलं, पैसा आला, ते चांगलंच झालं. पण ज्या कुत्र्यामुळे लांडगा मरतो त्याच कुत्र्यामुळे खालच्या गावातलं मूल मरतं, आणि मुलासाठी वेगळी लस लागत नाही. कुत्र्याला दिलेली एकच सुई दोघांना पुरते.

२०१५ साली इथिओपियाच्या आरोग्य आणि पशुसंवर्धन खात्यांची माणसं एका टेबलाशी बसली आणि जनावरांतून माणसात येणाऱ्या पाच रोगांना त्यांनी अग्रक्रम दिला. पिसाळरोग पहिला, काळपुळी दुसरी. एकत्र बसणं हीच मोठी गोष्ट होती. त्याच वर्षी जिनिव्हात २०३० पर्यंत कुत्र्यांकडून येणाऱ्या पिसाळरोगाचे मानवी मृत्यू शून्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठरलं. नंतर उत्तरेकडे तिग्राईत नोव्हेंबर २०२० पासून दोन वर्षं युद्ध चाललं. दवाखाने लुटले गेले, जनावरं मेली, आणि पशुवैद्यकीय सेवा किती नाजूक धाग्यावर असते ते दिसलं.

दोन खात्यांनी एकत्र कामाला लागायचं म्हणजे काय, ते चाडमध्ये पाहायला मिळालं. तिथल्या भटक्या पशुपालकांच्या तळांवर याकोब त्सिनस्टाग आणि सहकाऱ्यांना असं आढळलं की गुरांना लस मिळते, पण लसीकरण पूर्ण झालेलं मूल एकही नाही. मग एकाच गाडीतून पशुवैद्य आणि परिचारिका गेल्या: बैलांना एका बाजूला, बाळांना दुसऱ्या बाजूला सुया. त्याच देशाच्या राजधानीत, एन्जामेनात, २०१२ आणि २०१३ मध्ये दोनदा सत्तर टक्क्यांहून जास्त कुत्र्यांना लस दिली आणि शहरातली साखळी काही महिने तुटली. मग बाहेरच्या कुत्र्यांबरोबर रोग परतला. एकदाच टोचून भागत नाही. कुत्र्याचं आयुष्य थोडं, पिल्लं भराभर होतात, आणि वर्षातून एकदा भरणारं शिबिर मार्चमध्ये झालं तर एप्रिलमध्ये जन्मलेलं पिल्लू पुढच्या मार्चपर्यंत उघडं राहतं.

यावर टांझानियाच्या सेरेंगेटीभोवतालच्या खेड्यांत एक उत्तर शोधलं गेलं आहे. कुत्र्यांची एक चालू लस शास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा ती २५ अंशांवर सहा महिने आणि ३० अंशांवर तीन महिने ठेवूनही तेवढीच लागू पडली. म्हणजे फ्रिज हवाच असं नाही. मातीचं एक मडकं दुसऱ्यात ठेवून मधल्या वाळूत पाणी घालायचं, हे जुनं तंत्र धरून त्यांनी गावात ठेवण्याजोगं गारव्याचं भांडं बनवलं. आपल्या ओसरीवरचा माठ ज्या कारणाने गार असतो त्याच कारणाने तेही गार राहतं. लस गावातल्याच प्रशिक्षित माणसाकडे असते. कुणाची कुत्री व्याली की पिल्लं जरा मोठी झाल्यावर घरचं पोर त्यांना दोरीने बांधून आणतं. तो माणूस भांड्याचं झाकण काढतो, बाटली हातात घेतो आणि वहीत पिल्लाचा रंग लिहितो.