देवाच्या वतीनं निकाल देऊ नका

गैरसमज : “काहीतरी पाप केलं असेल, म्हणून देवानं नेलं.”

निलंग्यात किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला की हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून येतंच. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून माणसं उशिरा आडवी झाली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि औसा, निलंगा, उमरगा तालुक्यांतली गावंच्या गावं ढिगारा झाली. आठ ते दहा हजार जीव गेले.

वस्तुस्थिती : माणसं दगडमातीच्या रुंद भिंतींखाली आणि वरच्या माळवदाखाली दबून मेली. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून माळवदावर दरवर्षी मातीचा थर चढत होता. त्याच मातीनं जीव घेतला. हलक्या छपराच्या झोपडीत निजलेले अनेक जण वाचले. पाप-पुण्याचा हिशेब मांडायचाच, तर पाळण्यातली लेकरं कुठल्या रकान्यात घालणार?

थोरामोठ्यांचीही इथं चूक झाली आहे. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. अस्पृश्यता पापच होती, तरीही मला टागोरांचंच पटतं. देव कर्ता-करविता आहे असं मानणाऱ्यानं त्याची वही आपल्याला वाचता येते असं समजू नये. भरवसा म्हणजे कारण न कळताही त्याला न सोडणं. मेलेल्याला दोषी ठरवणं हा भरवसा नव्हे. तो देवाच्या वतीनं परस्पर दिलेला निकाल आहे.

गैरसमज : “खरा भक्त रडत नाही, देवाला जाब विचारत नाही.”

वस्तुस्थिती : आपल्याच मराठवाड्यातली, गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला अरे-तुरे करून रागावते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, दुकान बुडालं. तुकोबांची गाथा विठ्ठलाशी केलेल्या भांडणांनी भरलेली आहे, आणि त्याच गाथेत या विपत्तीनंच आपल्याला देवाजवळ आणलं, अशी कबुलीही आहे. पण ती कबुली त्यांनी स्वतःच्या दुःखाबद्दल दिली. शेजाऱ्याच्या दारात जाऊन “बरं झालं, दुष्काळ पडला” असं ते सांगत फिरले नाहीत. मला हा फरक सगळ्यात मोलाचा वाटतो. स्वतःच्या जखमेत कृपा दिसली तर ती देणगी; दुसऱ्याच्या जखमेत ती दाखवायला जाणं ही क्रूरता.

गैरसमज : “कृपा म्हणजे चमत्कार. तो होईपर्यंत हात जोडून बसायचं.”

वस्तुस्थिती : भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. पन्नासवर गावं नव्या जागी उभी राहिली. या धावून आलेल्या हातांनाच मी कृपा म्हणतो. आणि नव्या घराला भूकंप सोसणारे पट्टे घातले म्हणून श्रद्धा कमी होत नाही.

आपल्याकडे मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारी भाकरी नेतात. पुढच्या वेळी जाल तेव्हा “देवाची मर्जी” हे शब्द ओठांवर आले तरी गिळा. भाकरी द्या, आणि थोडा वेळ जवळ बसा.