जुनी पेटी, नवी डिस्क

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार काढून घेतला. विंडोज ११ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे लाखो संगणक ठणठणीत असूनही कंपन्यांच्या लेखी बाद झाले. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्या ते गठ्ठ्याने काढून टाकतात, आणि लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून फिरत फिरत ते जिल्ह्याच्या दुकानांपर्यंत पोचतात. घरात सर्व्हर मांडायचा असेल तर ही चांगली संधी आहे. सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतो आणि लिनक्सला विंडोज ११च्या अटींशी काही देणंघेणं नाही.

माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरसारख्या गावात घरचा सर्व्हर कशाला, असं कुणी विचारील. साखर कारखाना आणि महाळुंगसह नगरपंचायत असलेलं हे गाव. इथल्या घरांतही लग्नांचे, बारशांचे, शेताच्या मोजणीचे फोटो मोबाईलमध्ये साठलेले असतातच. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१पासून बंद झाली. आता मेलसकट सगळं मिळून १५ जीबी, पुढे दरमहा पैसे. घरचा सर्व्हर म्हणजे कोपऱ्यात चोवीस तास चालू असलेला एक संगणक. फोटो, सातबाऱ्याचे उतारे, मुलांचे प्रकल्प, सिनेमे त्यावर राहतात आणि घरातल्या प्रत्येक मोबाईलला दिसतात. इमिच, नेक्स्टक्लाउड, जेलीफिन ही त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट आहेत.

खरी गोम ‘चोवीस तास’ या शब्दांत आहे. भंगाराच्या भावात कधीकधी मोठ्या कंपनीचा रॅक सर्व्हर मिळतो. लांबलचक लोखंडी खोका, दोन प्रोसेसर, भरपूर मेमरी. पाहणाऱ्याला मोह पडतोच. पण असा दहा-बारा वर्षांपूर्वीचा सर्व्हर काही काम नसतानाही सहज १५० वॅट खातो. म्हणजे दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८. महावितरणचा घरगुती पहिला टप्पा १०० युनिटांचा आहे. हा पाहुणा एकटाच तो ओलांडतो आणि पंखे-फ्रीजचा वापर महागड्या टप्प्यात ढकलतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला १३ हजारांवर रुपये जातात. शिवाय त्याच्या पंख्यांचा आवाज असा, की शेजारच्या खोलीत झोप लागू नये.

त्याऐवजी घ्यावी ती कचेरीतली छोटी पेटी. लेनोव्होची थिंकसेंटर टायनी, डेलची ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीची एलिटडेस्क मिनी ही तिची नावं. रिकामी बसलेली असताना ती दहा वॅटच्या आसपास वीज घेते. त्याच दराने वर्षाचे नऊशे रुपयेही होत नाहीत. म्हणून रॅक सर्व्हर दोन हजारांना आणि पेटी आठ हजारांना मिळत असली, तरी पेटीच स्वस्त.

प्रोसेसरचं नाव वाचता आलं की दुकानदाराची निम्मी बडबड ऐकावी लागत नाही. आय५-७५००टी यातला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी, शेवटचा टी म्हणजे ३५ वॅटची कमी विजेची जात. ‘आय-सेव्हन आहे, घ्या’ एवढ्यावर जाऊ नये. दुसऱ्या पिढीच्या आय७पेक्षा आठव्या पिढीचा आय५ घरकामाला केव्हाही बरा. सहावी की सातवी असा प्रश्न पडला तर थोडे पैसे टाकून सातवी घ्यावी. आजकालचे बरेच सिनेमे दहा-बिट एचईव्हीसी पद्धतीने दाबलेले असतात आणि ते उलगडण्याची पूर्ण सोय इंटेलच्या चिपमध्ये सातव्या पिढीपासून आली. मेमरी ८ जीबी पुरते, १६ असली तर उत्तम. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव चढले, तेव्हा आधीच भरलेली पेटी पाहावी.

या पेट्यांची एक अडचण आहे. आत मोठी, साडेतीन इंची डिस्क मावत नाही. अडीच इंची एक आणि एम-डॉट-टू एक, बस्स. चार-आठ टीबी साठा हवा असेल तर त्याच कंपन्यांचं थोडं मोठं, एसएफएफ नावाचं मॉडेल पाहावं. वीज जरा जास्त जाते, पण डिस्क नीट बसते.

आणि डिस्क? ती मात्र नवी घ्यावी, ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर. जुन्या डिस्कचं वय ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदीत दिसतं: किती तास चालली, किती जागा खराब होऊन बदलल्या. वर्षाचे तास ८,७६०, त्यावरून हिशेब करता येतो. पण ही नोंद पुसता येते. जानेवारी २०२५मध्ये जर्मनीच्या हाइजे या प्रकाशनाने उघड केलं, की नव्या म्हणून विकल्या गेलेल्या सीगेटच्या काही डिस्क आधी हजारो तास चाललेल्या होत्या. ‘स्मार्ट’ शून्य तास दाखवत होतं. डिस्कच्या आतल्या ‘फार्म’ नावाच्या दुसऱ्या नोंदीने खरं वय सांगितलं. चिया या आभासी चलनाच्या खाणकामातून त्या आल्या असाव्यात असा संशय होता. आपण त्या विकल्या नसल्याचं सीगेटने सांगितलं. लबाडी विक्रीच्या साखळीत कुठेतरी झाली होती.

जुनीच डिस्क वापरायची वेळ आली तर खराब जागांच्या आकड्यावर डोळा ठेवावा. गूगलने २००७मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणून ‘एकच तर आहे’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला हसून नमस्कार करावा. डिस्क कितीही नवी असली तरी फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात हवीच.

सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो, आणि गाळप हंगामात कारखान्याच्या परिसरात काजळी उडते. पेटी माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवू नये. घेतल्यावर एकदा उघडून पंखा साफ करावा, प्रोसेसरवरचं वाळलेलं थर्मल पेस्ट बदलावं. लाईट अचानक गेली की फायली बिघडतात, म्हणून साधा ६०० व्हीएचा यूपीएस हवा. दहा वॅटच्या पेटीला आणि राउटरला तो बराच वेळ पुरतो. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर आपोआप सुरू’ हा पर्याय लावून ठेवला, की रात्री उठावं लागत नाही. बॅटरी आयतीच मिळते म्हणून काहीजण जुना लॅपटॉप सर्व्हर करतात. कल्पना वाईट नाही, मात्र सतत चार्जिंगला लावलेली म्हातारी बॅटरी फुगते. महिन्यातून एकदा तरी पोटाकडे पाहावं.

घेताना पेटीला मूळ अडॅप्टर आहे ना, हे बघावं. डेलच्या यंत्राला अडॅप्टर ओळखता आला नाही तर ते प्रोसेसरचा वेग मुद्दाम उतरवतं आणि घेणारा बिचारा लिनक्सला दोष देत बसतो. बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही, याची दुकानातच खात्री करावी. सीरियल नंबर लिहिलेलं बिल मागावं. चोरीचा माल निघाला तर तेवढाच आधार. कारखाने, बँका, सरकारी कचेऱ्या निर्लेखित संगणक लिलावात काढतात, तिथे स्वस्त मिळतं. मात्र एकेक नग क्वचितच सुटतो, आणि चालू करून पाहण्याची मुभा बहुधा नसते. पहिली खरेदी तरी दुकानातून करावी. अर्धा तास यंत्र चालवून दाखवायला दुकानदार कुरकुरला, तर पैसे खिशात ठेवून पुढचं दुकान गाठावं.